खिडकीतलं ‘व्हय म्हाराजा’

आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथेच नवी बांधायचं, तोवर घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली. कपाटाचं काय, बाबांच्या खुर्चीचं काय, गणपतीच्या मखराचं काय, याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. बोरिवलीत भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हाही ती नुसती मान हलवत फिरली. फक्त तिथल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आणि पाइप दिसले, तेव्हा तिने ती लगेच लावून घेतली. घरी आल्यावर चहा पिताना म्हणाली, "गाराणा घातल्याशिवाय मी चावी देवचंय नाय. जाग्याक सांगल्याशिवाय जागो सोडूचो नसता."

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. चारचौघांना जमवायचं, एका माणसाने नारळ हातात धरून त्या जागेच्या राखणदाराशी, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाशी, मोठ्याने बोलायचं, अडचणी सांगायच्या, मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हे 'व्हय' म्हणणं महत्त्वाचं. एकट्याचं मागणं देव ऐकतो की नाही ठाऊक नाही, पण वीस जणांनी दुजोरा दिल्यावर त्यालाही विचार करावा लागत असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

आमची बिल्डिंग गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या बाजूची. तीन मजले, लिफ्ट नाही, कंपाउंडमध्ये फाटकाजवळ एक वड. निम्मे लोक मालवण-कणकवलीकडचे, उरलेले जिथून येता येईल तिथून आलेले. आणि गाऱ्हाणं घालायचं काम बाबांचं.

बाबा म्हणजे घरात दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका प्रेस-शॉपमध्ये पत्र्याचे भाग ठोकायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात काम केल्यामुळे बोलण्यात अर्थ नाही अशी त्यांची समजूत झाली असावी. भाजीत मीठ कमी असेल तर ते बोलायचे नाहीत, मिठाच्या बरणीकडे बघायचे. पण धुळवडीच्या सकाळी हातात नारळ आला की हा माणूस बदलायचा. डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवायचे, वडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि अशा खणखणीत आवाजात सुरू करायचे की रस्त्यापलीकडचा इस्त्रीवालासुद्धा इस्त्री बाजूला ठेवायचा.

खाली गाऱ्हाणं चालू असताना वर आईचा तवा चालू असायचा. गाऱ्हाण्यानंतर अख्ख्या बिल्डिंगला घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, हा आमच्या घरचा रिवाज. घावणे आधी करून ठेवता येत नाहीत, गार झाले की त्यांची चिंधी होते. त्यामुळे आई कधीच खाली यायची नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर वडाच्या फांद्यांसमोर. खालून 'व्हय म्हाराजा'चा गजर झाला की अर्ध्या क्षणाने वरून, तव्यावरच्या चर्र आवाजासकट, आईचं 'व्हय म्हाराजा' यायचं. नेहमी थोडं उशिरा. आम्ही पोरं हसायचो.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. पहिली धुळवड सुतकासारखीच गेली. दुसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या गुजराती काकांनी नारळ हातात घेऊन प्रयत्न केला. हे काका दरवर्षी बाबांच्या शेजारी ताट धरून उभे असायचे, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच पुढे ढकललं. ते म्हणाले, "महाराज, सगळ्यांचं भलं कर," आणि थांबले. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मग पुढे काही येईना, तेव्हा नारळ फोडून टाकला.

आता आईला बिल्डिंग सोडायच्या आधी गाऱ्हाणं हवं होतं, तेही 'सगळ्यांचं भलं कर'छाप नाही. बाबा घालायचे तसं.

"तू तर दर वर्षी खाली उभी असायचंस," ती मला म्हणाली. "तुका पाठ असतला."

मलाही तसंच वाटत होतं. रविवारी सकाळी वही-बिही न घेता नुसती गॅलरीत बसले आणि आठवू लागले. सुरुवात आली: "बा राखणदारा म्हाराजा, ह्या वडाच्या, ह्या कंपाउंडाच्या, चारय दिशेच्या राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरा खयची खयची येऊन तुझ्या पायाकडे जमली हत, त्येंचो ह्यो नारळ गोड मानून घे म्हाराजा." इथपर्यंत गाडी झकास आली. आणि त्यापुढे मला फक्त 'व्हय म्हाराजा' आठवलं. एकामागून एक नुसती व्हय म्हाराजा. कशाला व्हय म्हटलं होतं, याचा पत्ता नाही.

याचं मला फार कुतूहल वाटलं. पन्नाशीला आलेली बाई, लहानपणापासून तिथे उभी राहिलेली, रेडिओवरच्या जाहिराती अजून तोंडपाठ असलेली. आणि हे नाही? गावाला मामाला फोन लावला. मामा गावच्या देवळात गाऱ्हाण्याला पुढे असतो. त्याने फोनवरच टाळ्याखाऊ आवाजात सगळं घालून दाखवलं, पण ते गावचं होतं. त्यात गुरंढोरं होती, शेतीभाती होती, गावच्या सगळ्या देवांचा मान होता. आमच्याकडे ढोरं नाहीत, पार्किंग आहे. मी त्याला विचारलं, "राखणदाराला बोरिवलीला बरोबर चल म्हणून सांगायचं का?"

"खुळ्यासारखा काय बोलतंस?" मामा म्हणाला. "राखणदार जाग्याचो असता, माणसांचो नाय. तो खय येतलो तुमच्यावांगडा? फक्त निरोप घ्या. आणि घालतलो कोण? बायकांनी घालूचा नसता हां."

मग मी बिल्डिंगमध्ये विचारत फिरले. अर्धी बिऱ्हाडं आधीच गेली होती, उरलेल्यांच्या घरात खोक्यांवर खोकी. आणि तिथे एक गंमत कळली. बाबांचं गाऱ्हाणं कोणालाच येत नव्हतं, पण प्रत्येकाला त्यातलं एक वाक्य अक्षरन् अक्षर येत होतं. स्वतःचं.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात, केरळच्या. मी विषय काढताच त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावता लावता अस्खलित मालवणीत म्हणून दाखवलं, "सिस्टरच्या झिलाचो व्हिसा खय अडकलो असात तर मोकळो कर म्हाराजा." एरवी त्या दुकानात हिंदीच बोलतात. व्हिसा मिळाला, मुलगा गेला, तिकडेच राहिला. "थोडा कमी मोकळा केला असता तरी चाललं असतं," म्हणाल्या. बिल्डिंगच्या पाण्याचं बघणाऱ्या माणसाला आठवत होतं, "पाण्याचो पंप रोज सकाळी अडून बसता, त्येका बुद्धी दे म्हाराजा." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या सासूचं आठवत होतं. काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण हसू दाबत होत्या.

मग माझंही आठवलं. वाक्य आठवलं म्हणजे ती सकाळही आठवली. लग्न मोडून मी घरी परत आले त्या वर्षीची धुळवड. मला खाली जायचंच नव्हतं, आईने हाताला धरून पाठवलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी पंप झाला, व्हिसा झाला, आणि त्याच आवाजात, त्याच चालीत म्हटलं, "माझी पोरगी घराक परत इली हा. तिका कोणी कायएक इचारू नये अशी सगळ्यांका बुद्धी दे म्हाराजा." आणि सगळ्यांनी, ज्यांना मला सतराशे साठ प्रश्न विचारायचे होते त्या सगळ्यांनी, मान खाली घालून म्हटलं, "व्हय म्हाराजा." एकदा देवासमोर हो म्हटल्यावर विचारणार कसं? कोणी विचारलं नाही. आजतागायत नाही. घरात माझ्याशी त्या विषयावर एक शब्द न बोललेल्या माणसाने अख्ख्या बिल्डिंगचं तोंड असं बंद केलं होतं.

हे सगळं मी रात्री जेवताना आईला सांगत होते, उत्साहाने. ती भाकरी मोडत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि माझ्यासाठी काय मागल्यानी?"

मला ते आठवेना.

"तू दर वर्षी होतंस थय," ती म्हणाली. "मी वर. माका नुसतो आवाज यायचो, शब्द कळायचे नाय, तव्याचो आवाज मोठो. पंपासाठी बुद्धी मागल्यानी. सिस्टरसाठी मागल्यानी. माझ्यासाठी काय?"

"असेल ना गं काहीतरी. विचारते."

"असूदे," ती म्हणाली. "घावण्याक मीठ बरोबर पडूंदे म्हटल्यानी असतला." आणि ताट घेऊन उठली.

ती हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही. गेले काही महिने तिचं असंच चाललं होतं. नव्या बिल्डिंगचा नकाशा आला, त्यात वड ठेवलाय, हिरवा गोल दाखवलाय, तो मी तिला दाखवला तर म्हणाली, "तुमी येवा परत. माझा काय." बोरिवलीला नेण्यासाठी तिने स्वतःच्या चार साड्या काढल्या होत्या. चारच. बाकीच्या वाटून टाक म्हणाली. परत न येण्याचं तिने मनात ठरवून टाकलं होतं, आणि बाबा आपल्याला विसरले हे त्यात आणखी एक कारण झालं असतं. मला भीती वाटत होती. म्हणून ते वाक्य शोधणं आता नुसतं कुतूहलाचं राहिलं नाही.

शेवटी तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, ती त्यांच्या घरातली शेवटची खुर्ची होती, आणि ते स्वतः खोक्यावर बसले.

"तुझ्या मम्मीसाठी?" ते म्हणाले. "मागायचा ना. दर साल मागायचा. एकदम शेवटी."

"मग कोणाला कसं आठवत नाही?"

"कारण ते एवढं हळू बोलायचा. नारळ फोडायच्या आधी. मी ताट धरून बाजूला, म्हणून मला ऐकायला यायचं. तुम्ही सगळे मागे. त्याचे ओठ हलले की तुम्ही लोक व्हय महाराज बोलून टाकायचे."

हे खरं होतं. आता मलाही आठवलं. शेवटी एक वाक्य कोणालाच ऐकू यायचं नाही, आणि त्यालाच सगळ्यात मोठा गजर व्हायचा, कारण त्यानंतर घावणे असायचे.

काकांनी ते वाक्य मालवणीतच सांगितलं, त्यांच्या गुजराती सुरात. इतकी वर्षं ऐकून त्यांनाही ते पाठ झालं होतं. "माझ्या घरकारणीक माझ्या आदी नेव नको म्हाराजा. माका आदी ने."

काका म्हणाले, "मी त्याला एक वेळा विचारला, असं काय मागतो रे? तर बोलला, तिच्याशिवाय मला घरात काय सापडत नाय."

वर जाताना जिन्यात मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. माझ्या वाट्याला आलेल्या संसारात असं काही कोणी माझ्यासाठी मागितलं असेल याची सुतराम शक्यता नव्हती.

आई स्वयंपाकघरात बिडाचा तवा जुन्या पेपरात गुंडाळत होती. मी दारात उभी राहूनच सांगितलं. काकांनी सांगितलं तसं, शब्द न बदलता.

तिने तवा खाली ठेवला. खिडकीबाहेर वडाकडे बघितलं. मग वळली ती चिडलेली होती. रडेल असं मला वाटलं होतं, पण नाही, चांगली चिडली होती.

"मी ह्याच वडाक फेरे मारून काय मागत होतंय, म्हायत हा तुका?" ती म्हणाली. "वटपौर्णिमेक, दर वर्षी, उपाशी पोटान? त्येंच्या आदी माका ने म्हणान. सवाष्ण ने म्हणान. ह्याच झाडाक!"

मला हसू आलं, आवरलं नाही. एकाच वडाला, एकाच घरातून, दोन अर्ज, एकमेकांच्या उलट. तिचा ज्येष्ठात, त्यांचा फाल्गुनात. दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही, दोघांनीही मनात धरलं की आपलंच पहिलं जाणार. बिचाऱ्या झाडाने करायचं काय?

"हसतंस काय?" आई म्हणाली. "आणि ही माया नाय हां. घाबारले ते. मी गेलंय तर च्याय कोण देतला म्हणान घाबारले. च्याय करूक येय नाय त्येंका." मग आवाज उतरवून विचारलं, "पण त्येंचाच कशाक ऐकल्यान? मी उपास करी. ते तर खाऊन-पिऊन मागत."

"तू एकटी मागायचीस," मी म्हटलं. "त्यांच्या मागे अख्खी बिल्डिंग व्हय म्हणायची."

"तूपण?"

"मीपण. ऐकू न येताच."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. वडाची एक फांदी अगदी जाळीपर्यंत आलेली आहे. तिने जाळीवर हात ठेवला. म्हणाली, "मीपण म्हटलंय. हयसून. खिडकीतसून."

मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. खाली टेम्पोत कोणाचा तरी फ्रिज चढवत होते आणि तो मावत नव्हता, ते आम्ही दोघी बघत राहिलो. मग ती म्हणाली, "तव्याक अजून एक पेपर दे."

चावी द्यायच्या दिवशी सकाळी उरलेसुरले सगळे वडाखाली जमले. सिस्टर मुद्दाम नव्या भाड्याच्या घरातून रिक्षा करून आल्या. घावणे नव्हते, गॅस आदल्या दिवशीच काढून नेला होता. त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई खाली होती. ती लोकांच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली, जिथे मी तेव्हा उभी राहिले होते. काकांनी ताट धरलं, मी नारळ उचलला. प्रत्येकाकडून गोळा केलेली वाक्यं मी मनात जुळवली होती. तोंड उघडलं, "बा राखणदारा म्हाराजा," आणि पुढची सगळी वाक्यं एकमेकांत मिसळून गेली.

"हाड तो हय," आण तो इकडे, असं मागून आई म्हणाली, आणि पुढे येऊन तिने माझ्या हातातून नारळ घेतला.

"मामा म्हणाला, बायकांनी..." मी सुरू केलं.

"पुरुषांनी मागलेला बघलंय मी," ती म्हणाली. "आणि पुटपुटूचा नाय. सगळ्यांनी आधी ऐकूचा, मगे व्हय म्हणूचा."

तिने डोक्यावर पदर घेतला नाही. वडाकडे बघून, भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात बोलू लागली.

"बा राखणदारा म्हाराजा. माझ्या घोवान मागल्यानी ता तू दिलंस. माका इचारूक नाय. पण आमीच सगळ्यांनी व्हय म्हटला, म्हणान तुका बोल लावणंय नाय म्हाराजा."

कोणालाच नीट कळलं नाही. काकांना कळलं. त्यांनी आधी म्हटलं, मग सगळ्यांनी. "व्हय महाराज." "व्हय म्हाराजा."

"आता तू जाग्याचो, तू आमच्यावांगडा येवचंस नाय. म्हणान सांगतंय, हयच रव. घर मोडतले, नवीन बांधतले, लय आवाज करतले. तू हलू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ही सगळी लेकरा खय खय जाऊन रवतली. थय त्येंका बरी ठेव, आणि परत हय हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सिस्टरचा आवाज सगळ्यांत वर होता.

आईने नारळ या हातातून त्या हातात घेतला. बाबा इथेच हळू व्हायचे. ती झाली नाही, उलट तिने आवाज चढवला.

"आणि माकाय परत हाड. हातापायान चलत हाड. खयच्याय माळ्यावर घर दे, पण किचनाच्या खिडकेतसून ह्यो वड माका दिसूंदे म्हाराजा."

सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आई नारळ फोडायला वाकली नाही. तशीच उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं.

"तू म्हटलंस नाय."

"म्हटलं."

"माका ऐकाक येवक नाय," ती म्हणाली. "परत म्हण."

मी परत म्हटलं.